घारी माझ्याकडे

यॉरिटनं सकाळी चहाच्या आधीच वाटण्या केल्या:
बाज-ससाणे स्वतःकडे, गरुड त्या दोघी पोलिश बहिणींकडे,
भोवत्ये एकट्या लासेकडे,
आणि माझ्या तळहातावर मोजणीचं खटकं ठेवून म्हणाला,
तुम्ही घारी.

घारी!
व्हिसा, दोन विमानं, इस्तंबूलला सात तास बाकावर,
गुडघ्यांना पट्टे बांधून बातुमीमागची ही टेकडी,
आणि वाट्याला घारी.
माझ्या डब्यातली पोळी जिनं एकदा
भर गच्चीत अलगद उचलून नेली होती
तिची ही चुलत भावंडं.
तक्रार केली नाही. एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीत
कुणी कधी विचारलं होतं,
आज कोणत्या नोटा मोजाल?

समोर नावालाच काळा समुद्र,
मागे डोंगर, त्यांच्या माथ्यावर काल रात्रीचं बर्फ.
मधल्या चिंचोळ्या बोळातून
अख्ख्या उत्तरेला दक्षिणेकडे जायचं असतं.
आधी काहीच दिसत नाही. मग ढगावर
मोहरी सांडावी तसे ठिपके,
मग ते ठिपके रवी फिरावी तसे फिरू लागतात,
न दिसणाऱ्या एका खांबाभोवती, वर, आणखी वर,
आणि टोकाला पोचले की ओघळतात
एकामागे एक, पंख न हलवता.
फिरताना मोजू नका, फसाल, यॉरिट सांगतो.
ओघळताना मोजा.
शेपटीला खाच असली की ती तुमची.
टक.
टक, टक.

दुपारी त्सियुरी वर येते. टोपलीत गरम खाचापुरी,
अजून हिरवीच असलेली संत्री.
तिला पक्ष्यांचं काही नाही. ती माझे गुडघे बघते,
च्च करते, आणि तिच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलते,
ज्याचा अर्थ कुठल्याही गावात एकच.

तीनच्या सुमारास लासे ओरडला. भोवत्या!
फिकट, जवळजवळ धूर, मक्याच्या वाळक्या ताटांवरून
इतका खाली की पिवळा डोळा दिसला.
असे आमच्याकडे उतरतात, मी म्हटलं, माळावर, दिवाळीच्या आसपास.
हा तिकडेच निघालाय ना?
लासे चांगला मुलगा. जरा थांबून म्हणाला,
नाही. ही वाट आफ्रिकेची.
मी घारींकडे वळले.

म्हातारा ओतारी टेकडीवर येतो तो दुर्बिणीशिवाय.
मुठीवर बाज, आपल्या शिक्र्याची बहीण शोभेल अशी,
खाटीक पक्ष्याचं आमिष दाखवून महिन्यापूर्वी धरलेली.
महिनाभर तिनं त्याला लावे मारून दिले.
बाप हेच करायचा, बापाचा बाप, त्याचाही,
तो बोटं दुमडत सांगतो.
मुलगा इझमीरला टॅक्सी चालवतो.
यॉरिटला हे धरणं पसंत नाही. दोघं एकमेकांना मान लववतात
आणि टेकडीच्या दोन टोकांना बसतात.

आज लाव्यांचा मोसम संपला.
ओतारीनं तिच्या पायातली गाठ दातांनी सोडली.
हात उंच केला.
ती बसूनच राहिली,
एवढं आभाळ समोर, आणि ती मनगट सोडेना.
त्यानं हात खाली घेतला, पुन्हा उंच केला,
पुन्हा.
मग गेली.
झाडं, विजेच्या तारा, मग त्या घुसळणीत,
मग ओघळून रेघेपलीकडे दक्षिणेला.

ही मोजायची का? धाकट्या पोलिश बहिणीनं विचारलं.
तीन भाषांत वाद झाला. निघाली म्हणायचं की सोडली?
महिनाभर मुक्काम, तो कुणाच्या खात्यात?
ओतारीला कुणी विचारलं नाही.
तो रिकामी मूठ तशीच उंच धरून उभा होता,
वजन उतरल्याचं हाताला कळवायचं राहून गेल्यासारखा.
नको, यॉरिट शेवटी म्हणाला. लिहू नका.

अंधारताना आकडे वाचले.
बाज-ससाणे एकशे नव्वद. गरुड चौऱ्याऐंशी. भोवत्ये सहा.
घारी?
चारशे तेरा, मी म्हटलं,
एकतीस वर्षांत रुपयाचा फरक न येऊ दिलेली बाई.

चारशे बारा होत्या.